दोनाडकरांचा पडदा

“कपाळ इथं टेकवा, काका. विहिरीत वाकून पाहतो ना आपण, तसं पाहा,” निखत मॅडम म्हणाली.

मी काही टेकवलं नाही. घरात निघालेले साप मी हातानं धरून बांधावर सोडले आहेत, पण यंत्राच्या तोंडात डोकं घालायचं म्हटल्यावर माझे पाय त्या गाडीच्या पायरीवरच थबकले. पळसटोल्याची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली होती. बाहेर दंडारीच्या खेळाची ढोलकी, जिलबीचा वास आणि दिवाळीनंतरचं मऊ ऊन, आणि गाडीत मात्र काचा झाकून केलेला काळोख. नागपूरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यानं ही गाडी गावोगाव फिरवायला घेतली होती. साखरेचा आजार असलेल्यांच्या डोळ्याच्या आतला फोटो त्यात निघायचा. माझी साखर बरीच जुनी होती.

“ह्यायले भेव वाटते,” माझ्या मागून सगुणा म्हणाली. सगुणा माझी बायको. “मले बसवा आंधी. मी जित्ती निघाली तं हे बी बसतीन.”

निखत मॅडम हसली. पोरसवदा होती, पण बोलणं समजूतदार. “मावशी, तुम्हाला आहे का साखर?”

“मले कायची साकर? साकर ह्यायले. मी तं फक्त दाखवासाठी.”

सगुणानं पदर खोचला आणि सरळ यंत्राला कपाळ लावलं. तिच्या गालावर हिरवट उजेडाचं एक कडं उमटलं आणि विझलं. मग दुसऱ्या डोळ्याला. आतूनच ती म्हणाली, “हिरवं हाये जी सगळं. तळ्यात बुडी मारून डोळे उघडल्यावानी.”

मग मला बसावंच लागलं. बायको बसली आणि नवरा पळाला असं मंडईत झालं असतं तर पुढची दहा वर्षं माझ्या नकला झाल्या असत्या. आत खरंच हिरवं होतं. लांब कुठं तरी उजेडाची एक चकती तरंगत होती, तिच्याकडे पाहा, असं मॅडम म्हणाली, मी पाहिलं, आणि ती एकदम फुटून सगळीकडे पसरली. खाली उतरलो तेव्हा मंडईतली माणसं, बैल, जिलबीची कढई, सगळं क्षणभर गुलाबी दिसलं. मला ते फार आवडलं. आणखी एकदा बसू का, असं विचारायचं अगदी तोंडावर आलं होतं.

“साधा कॅमेरा डोळ्याच्या मधला तेवढा तुकडा दाखवतो,” निखत मॅडम आम्हाला सांगत होती. “हा कडेपर्यंत जातो. साखरेचा त्रास कधी कधी कडेनं येतो, काका. मधलं चांगलं असतं तोवर माणसाला सगळं चांगलंच दिसतं. मग एके दिवशी आत रक्त उतरतं आणि डोळा जातो. हे फोटो नागपूरचे डॉक्टर नीट पाहतील. रेटिनात काही निघालं तर मी फोन करीन. फोन आला तर हातातलं काम टाकून या.”

रेटिना, रेटिना असं ती दोन-चारदा म्हणाली. मी मान हलवली. त्या वेळी आमच्या टोल्यावर, त्या छोट्या वस्तीत, मोबाइल लागत नसे, म्हणून दोनाडकर या नावापुढं वामनभाऊ कुथेच्या कार्यालयाचा नंबर लिहून दिला. वामनभाऊची नाटक कंपनी होती, ‘चांदणी नाट्यरंग’ नावाची. धान कापून झालं की आमच्या झाडीपट्टीत होळीपर्यंत गावोगाव नाटकं चालतात, आणि त्या दिवसांत आम्हा सगळ्यांचे निरोप त्याच्याच फोनवर यायचे.

मी त्या कंपनीचे पडदे रंगवायचो. रस्त्याचा पडदा, दरबाराचा पडदा, झोपडीचा, मंदिराचा. माझा बाप हेच करायचा, आजाही. पण माझं नाव झालं ते जंगलाच्या पडद्यामुळं. मांजरपाटाचे पट्टे शिवून केलेलं तीस फुटी जंगल, मधून पाण्याची वाट गेलेली, पाण्यावर सकाळचं धुकं. नायिका त्या धुक्यासमोर येऊन उभी राहिली की बायका पहिल्या हुंदक्यालाच पदर डोळ्याला लावायच्या, मी तर म्हणायचो की निम्मं रडू माझ्या धुक्याचं आहे. मधलं सगळं मी रंगवायचो. दोन्ही कडांची झाडं, वेली, पानांमागची पानं, हे सगुणाकडे. पानं मोजून संपत नाहीत आणि माझा जीव लवकर कंटाळतो. सरसही तीच कालवायची. आमचा रंग भुकटीचा, तो सरसाच्या पाण्यात बसतो. सरस पातळ झाला की दवाच्या रात्री रंग ओला होतो आणि कडेनं गळायला लागतो. पडदेवाल्याची सगळ्यात मोठी बेअब्रू तीच.

मंडईनंतर आठवडाभरानं वामनभाऊ मोटरसायकल घेऊन आमच्याकडे आला. बंद पडलेल्या राईस मिलच्या लांब भिंतीवर आम्ही पडदे टांगायचो आणि रंगवायचो. मी दरबाराच्या खांबांना सोनेरी देत होतो, सगुणा खाली बसून ब्रश धूत होती.

“परसराम, तुजं नसीब उघडलं गा,” वामनभाऊ गाडीवरूनच म्हणाला.

“काय झालं, भाऊ?”

“नागपूरवरून बाईचा फोन होता. दोनाडकरांचा पडदा कॅमेऱ्यात घेतला म्हने. मधात एकदम झकास हाये. पन कड खराब आली. कडेले गळून रायलं म्हने.”

“कोन बाई?”

“नाव नाई समजलं. इकडे तालीम चालू, ऑर्गन चालू. लवकर नागपूरले घेऊन या म्हने. उशीर केला तं पडदा सुटन. दोनदा बोलली थे.”

“कायच्या कॅमेऱ्यात घेतला?”

“आता पडदा कॅमेऱ्यात कोन घेते? शूटिंगवाले. मागच्या खेळाले आले असतीन लपूनछपून. त्यायले जंगल आवडलं, पन कड सुधरून पाह्यजे. पत्ता दिला हाये मले.”

तुम्हाला एव्हाना कळलं असेल. मला नाही कळलं. तीन पिढ्या ज्या घरात पडदा म्हणजे मांजरपाट, सरस आणि रंग, तिथं डोळ्यातही पडदा असतो हे कुणाच्या डोक्यात येणार? ती बाई रेटिना म्हणाली असती तर मी धोतर सावरत धावत सुटलो असतो. फोनवरच्या माणसाला समजावं म्हणून तिनं चांगल्या मनानं मराठी शब्द वापरला आणि तिथंच घोटाळा झाला. त्यातून मधलं झकास हे वाक्य मी आधी ऐकलं. कलावंताला पुढचं फारसं ऐकू येत नाही.

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसं माझं झालं. मी लगेच सगुणावर घसरलो.

“सरस कोनं कालवला होता जंगलाचा? तुजीच कड खराब निघाली, सगुणे.”

ती ब्रश धुवायची थांबली. “माजी कड कधी गळली नाई.”

“कॅमेऱ्यात दिसलं म्हनते ना बाई.”

“दिसलं असन मंग,” ती म्हणाली आणि उठली. तिला वाईट वाटलं होतं, ते मला दिसलं, पण मी मनानं नागपूरला पोचलो होतो.

जंगलाचा पडदा त्या वेळी कंपनीबरोबर बाहेरगावी होता. तो परत येईपर्यंत चार-सहा दिवस गेले. मग भिंतीवर टांगला आणि आम्ही दोघं दोन्ही कडांशी नाक लावून पाहू लागलो. रंग कुठंच गळला नव्हता. पानं जागच्या जागी होती. तरी शहाण्या माणसांनी कॅमेऱ्यातून पाहून सांगितलंय म्हटल्यावर आपण कोण? सगुणानं नवा घट्ट सरस शिजवला आणि दोन्ही कडा वरपासून खालपर्यंत पुन्हा रंगवायला घेतल्या.

ते दिवस मला अजून स्वप्नासारखे आठवतात. सकाळी वैनगंगेवरून धुकं यायचं आणि मिलच्या मोडक्या दारातून आत शिरायचं. बाहेरचं धुकं कुठं संपतं आणि माझं कुठं सुरू होतं ते कळायचं नाही. मी एक-दोन फटकारे मारायचो आणि बसून राहायचो. डोळ्यासमोर सिनेमा चालू असायचा. माझ्या जंगलातून एक बाई चालत येतेय, तिच्या पायाखाली मी रंगवलेलं पाणी हलतंय, आणि मोठ्या शहरातल्या थंडगार काळोखात हजार माणसं ते पाहतायत. पाणी खरंच हलायला लागायचं. सगुणा काय करतेय याकडे माझं लक्ष नसायचं. ती कडेला होती आणि कडेचं काम निमूट होत राहतं अशी माझी आयुष्यभराची समजूत.

एका दुपारी ती ओलं फडकं घेऊन आभाळ पुसताना दिसली.

“काय करून रायली? रंग निघन ना.”

“जाळं लागलं येथी. कोळ्याचं.”

मी जवळ गेलो. आभाळ स्वच्छ होतं.

“कोठं हाये?”

“हे पाहा ना. हे काय लोंबून रायलं.” तिनं बोट दाखवलं आणि बोट थोडं पुढं सरकवलं, मग आणखी पुढं, जणू ते जाळं तिच्यापुढं पुढं पळत होतं. मग तिनं बोट खाली घेतलं. “आता नाई. होतं.”

“झोप पुरी होत नाई तुजी,” मी म्हणालो. ती हसली आणि पुन्हा पानांकडे वळली. संध्याकाळी पाहिलं तर तिनं पुसलेल्या जागी आभाळ थोडं फिकट झालं होतं. मी निळ्या रंगाचा हात फिरवून ते झाकलं.

नागपूरला निघालो ते वामनभाऊच्या टेम्पोतून. बांबूवर गुंडाळलेलं जंगल टेम्पोच्या मागं चांगलं हातभर बाहेर आलं होतं, त्याला लाल फडकं बांधलं होतं. पुढं वामनभाऊ, ड्रायव्हर आणि मी. सगुणा मागं, पडद्याला टेकून. एवढा लांब पडदा धरायला दुसऱ्या टोकाला माणूस लागतं आणि ते माणूस नेहमी तीच असे. तिला नेलं ते केवळ यासाठी.

ब्रह्मपुरी मागं पडली, नागभीड आलं, सागाचं जंगल सुरू झालं. धुक्यात झाडं रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी यायची आणि नाहीशी व्हायची. मी अर्धवट झोपेत होतो. मला वाटत होतं की आपला पडदा आपोआप उलगडतोय आणि आपण त्याच्यातूनच चाललो आहोत, भिवापूर, उमरेड, सगळं मीच कधी तरी रंगवून ठेवलेलं आहे. वामनभाऊ मध्येच विचारायचा की शूटिंगवाल्यांना काय काय अटी घालायच्या, आणि मी झोपेतच हो म्हणायचो.

वामनभाऊनं लिहून घेतलेल्या पत्त्यावर तीन मजली पांढरी इमारत निघाली. दारावर पाटी, पाटीवर भला मोठा डोळा काढलेला. मला जरा चुकल्यासारखं वाटलं.

“भाऊ, हा दवाखाना दिसून रायला.”

“डोळा म्हंजे कॅमेरेवाल्यायचीच निशानी,” वामनभाऊ म्हणाला. “तू चूप राय.”

फाटकावरचा वॉचमन आमच्या बांबूकडे पाहत उभा राहिला. वामनभाऊ पुढं झाला. “पडदा हाये. मॅडमनं बोलावला.”

“पडद्याचे पहिल्या मजल्यावर,” वॉचमन म्हणाला. तो दिवसातून शंभर जणांना हेच सांगत असणार. वर बघ म्हणून त्यानं बोट केलं, तर जिन्यावर खरोखरच अक्षरं होती, ‘पडदा विभाग’. वामनभाऊनं माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. माझी शंका मावळली. जिथं पडद्यासाठी वेगळा मजला आहे तिथली माणसं दर्दीच असणार.

जिन्याच्या वळणावर बांबू अडकला, आडवा केला, उभा केला, आणि अखेर आम्ही वरच्या लांबलचक दालनात पोचलो. दोन्ही बाजूंना बाकांवर माणसं बसली होती. डोळ्यांत औषध घातलेलं, बुबुळं मोठी झालेली, मान थोडी वर करून सगळे कशाची तरी वाट पाहत होते. वामनभाऊ म्हणाला, “खोल ना. आल्या आल्या दिसला पाह्यजे.” मी एक टोक धरलं, सगुणानं दुसरं, आणि आम्ही जंगल उलगडलं.

कुणी ओरडलं नाही, कुणी हसलं नाही. सगळे चेहरे हळूहळू पडद्याकडे वळले. औषधामुळं त्यांना जवळचं धूसर दिसत असणार. एक म्हातारी बाई हात पुढं करून म्हणाली, “कवढी सावली आली गा.” मग तिच्या शेजारच्यानं विचारलं, “पानी वाहून रायलं का ते?” मी म्हणालो, “हो.” माझ्या जंगलाला असं पाहणारे लोक त्यापूर्वी भेटले नव्हते आणि नंतरही भेटले नाहीत. कितीतरी वेळ आम्ही दोघं दोन टोकांना ते धरून उभे होतो आणि मला ते संपू नये असं वाटत होतं.

एक दार उघडलं आणि निखत मॅडम बाहेर आली. तिला पाहून मला आधी गाडी आठवली, मग हिरवा उजेड, मग तिचं बोलणं. फोन आला तर हातातलं काम टाकून या. माझ्या हातातला बांबू जड झाला.

ती पडद्याकडे पाहत राहिली. तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं तोंडावर हात ठेवला. हसतेय असं मला वाटलं, पण ती हसत नव्हती.

“काका, मी डोळ्याच्या पडद्याचं सांगितलं होतं.”

“माजा डोळा?” मी विचारलं. माझी पंधरा दिवसांची स्वप्नं कुठं गेली तेही कळलं नाही. साखर अंगात घेऊन इतकी वर्षं काढली होती, ती आज हिशेबाला आली. रंगाऱ्याचे डोळे जाणार, आणि तो स्वतःच्या पायांनी नाचत, बाशिंग बांधून इथं आला होता.

“तुमचे दोन्ही डोळे स्वच्छ आहेत,” निखत मॅडम म्हणाली. “फोन मावशींसाठी केला होता.”

सगुणा दुसऱ्या टोकाला उभी होती. मध्ये तीस फूट जंगल. तिनं ऐकलं की नाही मला कळेना.

“मी नाव सांगितलं होतं,” निखत मॅडम वामनभाऊला म्हणाली. “सगुणाबाई दोनाडकर.”

वामनभाऊनं टोपी काढून हातात घेतली. “सांगतलं होतं, मॅडम. नाव सगुणाचंच होतं. मले वाटलं, पडद्याची कड थे रंगवते, तं कडेचं बोलनं तिच्या नावानंच येनार.”

सगुणानं तिकडून आपलं टोक गुंडाळायला घेतलं. “पडदा गुंडाळा आंधी. लोकायले जाले जागा नाई.”

आत एका खोलीत त्यांनी तिच्या बोटातून रक्त घेतलं. साखर माझ्यापेक्षा दुप्पट निघाली. कधीपासून असेल ते कुणालाच सांगता येईना, कारण तिची कधी कुणी तपासलीच नव्हती. घरात आजारी माणूस एकच, तो मी, असं ठरून गेलं होतं. माझ्या गोळ्या, माझं पथ्य, माझ्या पायाची जखम, सगळं तिला तोंडपाठ. मी हे सांगत सुटलो, निखत मॅडमनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि समोरच्या टीव्हीवर फोटो लावला.

सगुणाच्या डोळ्याच्या आतला तो फोटो मी कधी विसरणार नाही. काळोखात टांगलेला केवढा तरी तांबूस गोल. खालच्या बाजूला पापणीच्या केसांच्या सावल्या, तळ्याकाठच्या लव्हाळ्यासारख्या. मध्ये एक फिकट ठिपका आणि तिथून निघालेल्या लाल नसा, फांद्या फुटत फुटत कडेपर्यंत गेलेल्या. क्षणभर मी सगळं विसरून नुसता पाहत राहिलो. इतकं सुंदर काही मी उभ्या जन्मात रंगवलं नव्हतं आणि ते रोज माझ्या शेजारी बसून ब्रश धूत होतं.

“मध्ये बघा, सगळं छान आहे,” निखत मॅडम म्हणाली. “साध्या कॅमेऱ्यात एवढंच आलं असतं आणि आम्ही म्हणालो असतो, चला, ठीक आहे. आता कड बघा.”

कडेला लाल ठिपके होते, शाईचा ब्रश झटकल्यावर उडतात तसे. त्यांच्या पलीकडे फांद्या मध्येच संपल्या होत्या आणि जमीन फिकी पडली होती. एके ठिकाणी नवीन, वेड्यावाकड्या नसांचं झुडूप उगवलं होतं. ते झुडूपच गळत होतं.

“मावशी, डोळ्यासमोर काळे दोरे, जाळं असं काही दिसतं का?”

सगुणानं माझ्याकडे पाहिलं नाही. “दिसते,” ती म्हणाली. “मिलमंदी दिसलं होतं.”

मोठे डॉक्टर आले. पांढरी मिशी, आवाज हळू. त्यांनी तिचे डोळे तपासले आणि खुर्ची पुढं ओढून तिच्यासमोर बसले. आणखी उशीर चालणार नाही, म्हणाले. रक्ताची सुरुवात झाली आहे. लेझरनं कडेला बारीक बारीक डाग द्यायचे, ती कड सुकवून टाकायची. मग तिथल्या वेड्या नसा मरतील आणि मधली नजर वाचेल.

“अन् कडेचं?” मी विचारलं.

“कडेचं कमी होईल. बाजूनं कोण आलं ते पटकन दिसणार नाही. संध्याकाळी जरा अंधूक वाटेल. त्याला इलाज नाही. कड दिली तरच मधलं राहतं.”

“कड जाळायची?” माझा आवाज चढला. “तिचं सगळं काम कडेचं हाये, डॉक्टरसाहेब. पानं कशी काढन थे? गोळ्यायनं होत नाई का? मधातून थोडं घ्या, दोन्हीकडून सारखं घ्या...” मी काय बोलत होतो ते मलाच ठाऊक नव्हतं. मी हट्टाला पेटलो होतो. जे मी तीस वर्षं पाहिलं नव्हतं तेच आता मला कुणी न्यायला नको होतं.

“तुमी थांबा जी जरा,” सगुणा म्हणाली. मग ती डॉक्टरांकडे वळली. “कड गेल्यावर मधात काय रायते?”

“समोरचं सगळं राहतं. सुईचं नाकं, वर्तमानपत्रातली अक्षरं, माणसाचं तोंड.”

ती थोडा वेळ टीव्हीवरच्या त्या तांबूस गोलाकडे पाहत बसली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मेळ्यातली एखादी दूरची वस्तू पाहावी तशी ती पाहत होती.

“जनमभर कडंच रंगवली मी,” ती म्हणाली. “मधात काय हाये, थे पाहाले टाइमच नाई भेटला. जाऊ द्या कड.”

मला रडू आलं. वामनभाऊ दारात उभा होता, त्याच्यासमोर, डॉक्टरांसमोर मी लहान पोरासारखा रडलो. सगुणानं माझ्या पाठीवर हात ठेवला नाही की समजूत घातली नाही. निखत मॅडमनं तिचा हात धरला आणि ती लेझरच्या खोलीत गेली.

बाहेर दालनात गुंडाळलेलं जंगल भिंतीशी उभं होतं. मी त्याला टेकून बसलो. ती म्हातारी बाई अजून बाकावरच होती. “सावली कोठं गेली?” तिनं विचारलं. मी म्हणालो, “येईल, बाई.”

त्या हिवाळ्यात आम्ही कितीतरी वेळा नागपूरला गेलो. साखर आटोक्यात आली. एका डोळ्यात थोडं रक्त राहून गेलं होतं, ते हळूहळू विरलं. मधली नजर दोन्ही डोळ्यांची राहिली. त्या दवाखान्याची गाडी पुढं आमच्या भागात नेमानं यायला लागली आणि वामनभाऊ नाटकाच्या घोषणेआधी माइकवरून सांगायचा, “साकर असन नसन, बायकायनं बी बसा.” फोन घेताना मात्र त्याचा अजून गोंधळ होतो.

त्याला आता बरीच वर्षं झाली. कंपन्यांनी छापील पडदे घेतले, हातानं रंगवलेला पडदा कुणी हौशी मागतो तेवढाच. तो आम्ही अजून करतो, त्याच मिलच्या भिंतीवर. कामाची वाटणी तेवढी बदलली. मधलं आता सगुणा रंगवते. पाणी, पाण्यावरचं धुकं, समोर उभं राहणाऱ्या माणसासाठी मोकळी सोडलेली जागा. तिचं धुकं माझ्यापेक्षा चांगलं आहे हे मी तिला एकदा सांगितलं, त्यावर ती नुसती हं म्हणाली. मी कडा करतो. पानांमागची पानं काढताना माझी पाठ मोडते आणि मी कुरकुरतो.

कडेला असलो की तिला मी दिसत नाही. काही हवं असलं तर हाक मारावी लागते. मग ती ब्रश खाली ठेवते, सगळी माझ्याकडे वळते आणि माझ्या तोंडाकडे नीट, सावकाश पाहते, आणि विचारते, “काय जी?” लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही एकमेकांकडे असं कधी पाहिलं नव्हतं. काही काम नसलं तरी मी दिवसातून एक-दोनदा हाक मारतो.